तुझ्या पेपरला माझा आक्षेप

नसीम,

काल अभ्यास मंडळाची बैठक झाली आणि अभ्यासक्रमातल्या तुझ्या नव्या पेपरला मी आक्षेप घेतला. तू जाऊन अजून महिना व्हायचाय. तुझ्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले, बसले, पाणी प्यायले, आणि तुझा पेपर पुढे आला तसा माझा हात वर गेला. बाहेर पडल्यावर प्रथमेश, आपल्या विभागात गेल्या वर्षी लागलेला तो तरुण मास्तर, खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, निदान आज तरी नको होतं." त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण तू तरी नीट ऐकून घे, कारण हे सगळं ज्याला कळेल असं दुसरं माणूस आता कॉलेजात उरलेलं नाही.

दमले गं मी. तू गेल्यामुळे दमले असं लोकांना वाटतं, आणि ते खरंही आहे, पण दमायला आधीपासूनच सुरुवात झाली होती. तुला ते माहीत होतं. तंत्रज्ञान व्यवस्थापन, म्हणजे नवं यंत्र कधी घ्यायचं, कसं बसवायचं, जुन्याचं आणि जुन्यावरच्या माणसांचं काय करायचं, हे शिकवणारा आपला अभ्यासक्रम. कॉलेजला स्वायत्तता मिळाली आणि तो बनवायचं काम आपल्या दोघींच्या गळ्यात पडलं. तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला होता. एकदा बनवला की झालं, अशी आपली भाबडी समजूत. मग दर थोड्या दिवसांनी वरून नवा आराखडा यायचा, नवे तक्ते यायचे, आणि आपण परत पहिल्या पानापासून सुरू. कळंबचा माझा भाऊ एकदा म्हणाला होता, "तुमी तिथं बसून निसतं लिवता ना गं? मंग येवढे केस कशानं पांढरे झाले?" मी त्याला समजावायला गेले आणि अर्ध्यात सोडून दिलं.

त्याला काय सांगणार? एकूण क्रेडिट ठरलेले असतात, क्रेडिट म्हणजे शेवटी तास, आणि एखादा विषय घालायचा तर दुसरा काढावा लागतो. काढायचा तर तो शिकवणाऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. प्रत्येक घटकाखाली लिहायचं की विद्यार्थी ओळखेल, स्पष्ट करेल, विश्लेषण करेल. 'समजेल' असं लिहायचं नाही, कारण समजणं मोजता येत नाही. तो नियम पहिल्यांदा वाचलास तेव्हा तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास आणि मला म्हणालीस, "मग आपण इतकी वर्षं शिकवलं काय गं?" त्यानंतर डबा उघडलास आणि एका हाताने सांदण खात दुसऱ्या हाताने अख्खा तक्ता भरून टाकलास. तुझ्या अम्मीच्या हातचं ते तांदळाचं गोड सांदण, त्याचे तुकडे कीबोर्डात जायचे. मी ओरडायचे. आता त्या कीबोर्डावर प्रथमेश काम करतो आणि एक कळ अडकते म्हणून तक्रार करतो. मी त्याला कारण सांगितलेलं नाही.

तुला बंदर आठवतं? पहिल्या वर्षी घाईत आपण कुठल्याशा किनाऱ्याकडच्या विद्यापीठाचा एक पेपर पुढ्यात घेतला होता, त्याच्या आधाराने आपला बेतला. सगळेच तसं करतात, कुणी कबूल करत नाही एवढंच. तो पेपर विभागात वाचला गेला, मंडळात वाचला गेला, त्याच्यावरच्या परिषदेत मंजूर झाला, आणि जूनमध्ये मुलं दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, सक्तीची भेट आहे जवळच्या बंदराला. बंदर कुठंय?" कर्जत-खालापुरात बंदर. इतक्या शहाण्या माणसांनी सह्या केल्या आणि एकानेही ते पान वाचलं नव्हतं, आपण दोघींनीही नाही. मी शरमेने लाल झाले आणि तू मात्र खुर्चीत मागे रेलून हसत बसलीस. "आमचे वाडवडील बंदर सोडून धंद्यासाठी इकडे आत आले. आता अभ्यासक्रमासाठी परत जाऊ. चला, बस ठरवा." आणि खरंच नेलंस मुलांना. दिवसभर उन्हात फिरवलंस आणि येताना सगळ्यांना मासे खायला घातलेस. दुसऱ्या वर्षी मी ती ओळ काढून टाकली, तर तुझा चेहरा उतरला होता.

त्या दिवसापासून तुला एक खोड लागली. कुठलाही पेपर समोर आला की विचारायचीस, "हा कुणी भांडून मंजूर केलाय की नुसताच मंजूर केलाय?" मला वैताग यायचा. एवढं सगळं कुणाला भांडत बसायला वेळ आहे, असं मी म्हणायचे. आणि मग आपण दोघीच भांडत बसायचो.

तुझा पेपर जन्मला तो महेशमुळे. कुंभिवलीचा महेश, मागच्या बाकावरचा, अक्षर सुंदर. त्याने प्रकल्प केला टोलनाक्यावरच्या रांगेवर. गाडीच्या काचेवर टॅग असतो, पैसे आपोआप कापले जातात, तरी सुट्टीच्या दिवशी रांग का लागते आणि ती कशी संपवता येईल. प्रकल्प झकास होता. मी त्याला भरभरून मार्क दिले. तू त्याला कौतुकाने सहज विचारलंस, "घरी दाखवलंस का रे?" तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. त्याची आई त्याच रांगेत काकड्या आणि उकडलेल्या शेंगा विकायची. टॅग आल्यापासून गाड्या थांबायच्या कमी झाल्या होत्या, आणि ज्या काही थांबत होत्या त्याही थांबू नयेत याचा उपाय पोराने शोधला होता. वर्षभर तो शेजारच्या खोलीत बसून हे करत होता आणि आईला म्हणायचा, परीक्षेचं चाललंय. तू म्हणालीस, आज घरी जाऊन सांग. त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, काय म्हणाली? तो म्हणाला, "काय नाय मॅडम. म्हनली, तुज्या मास्तरनीला आवडलं ना, मंग झालं."

मास्तरनी म्हणजे मी. ते वाक्य मला लागलं, आणि तुला ते माझ्यापेक्षा जास्त लागलं. संध्याकाळी गाडीत तू बोलायला लागलीस ती थांबेचनास. हा मुलगा उद्या कुठल्यातरी कंपनीत लागेल, तिथे नवं यंत्र आणेल, आणि ज्यांचं काम जाणार त्यांना शेवटच्या दिवशी सांगेल. किंवा सांगणारच नाही, सूचनाफलकावर कागद लावेल. "आपण त्याला सगळं शिकवलं गं, फक्त समोर बसून सांगायचं कसं ते नाही शिकवलं. ते तो लपवायला शिकला." माझा थांबा येऊन गेला तरी तू गाडी थांबवली नाहीस.

त्यातून ती तोंडी परीक्षा निघाली. विद्यार्थ्याने आपल्या भागातलं एखादं नवं तंत्रज्ञान घ्यायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला घरच्या बोलीत समजावून सांगायचं. त्याने कुणाचं काय जाईल आणि कुणाला काय मिळेल तेही सांगायचं. आपण दोघींनी कोपऱ्यात बसायचं, मार्क विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. वडीलधाऱ्याने हवं ते विचारायचं, आणि शेवटी दहापैकी मार्क त्यानेच द्यायचे. मुलांनी तिचं नाव 'घरची तोंडी' ठेवलं. आधी आपण ती दुसऱ्या एका विषयात अंतर्गत मार्कांसाठी चालवली, आणि यंदा तू तिचा स्वतंत्र पेपर केलास.

माझं पहिल्या दिवसापासून म्हणणं होतं की तोंडी घ्या, पण मार्क घरच्यांनी द्यायचे नाहीत. तुझं म्हणणं, मार्क हातात नसतील तर घरचा माणूस नुसतं हं हं करेल आणि मध्येच उठून गुरांकडे जाईल. "हातात काही असलं की माणूस कान देतो गं वैशाली." आणि हे खरं होतं, मी बघत होते. पण मी हेही बघत होते की एका मामाने भाच्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच दहा देऊन टाकले आणि चहा मागवला. कळंबच्या एका बाईने मुलाला दोन मार्क दिले. का, तर "घरातली मोटार कवापास्नं बंद हाय ती याच्यानं व्हत नाय, आन् मला गावाच्या पान्याची येवजना सांगतोय." तू परतताना हसून हसून डोळे पुसत होतीस. मी हिशेब करत होते की या दोन मार्कांनी त्या मुलाचा वर्ग जाईल. "तिने खरं सांगितलं," तू म्हणालीस. मी म्हटलं, "तिने राग काढला." "मग तो राग त्याने ऐकायलाच हवा होता," तू म्हणालीस. असं आपलं चालायचं, आणि मला वाटायचं की चालतच राहील.

मग रूपाली. तिथे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. वडील नाहीत, चुलता सांभाळतो, आणि चुलत्याच्याच कंपनीत आलेल्या पॅकिंगच्या यंत्रावर तिने विषय घेतला. किती छान बोलली ती. चुलत्याने मध्ये मध्ये अडवलं, विचारलं, यंत्रावर दोन माणसं लागतात तर बाकीच्यांना कुठे टाकणार, तर तिने न चुकवता सांगितलं की कंत्राटावरचे आधी जातील. तो कंत्राटावरच होता. शेवटी तू म्हणालीस, "काका, मार्क?" आणि तो शांतपणे म्हणाला, "पोरगी बोलली चांगली. पन मार्क मी नाय देनार. मार्क दिले तं म्हनंल आनखी शिकते. आमी मुलगा बघून ठेवलाय." शून्य. आणि तू, नसीम, ते शून्य तसंच लावलंस. नियम आपणच केलाय, तो आपणच कसा मोडायचा, म्हणालीस. ती बाकीच्या मार्कांवर पास झाली, पण त्या रात्रीपासून आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही. गाडीत बसले नाही, बसने गेले. नंतर बोलायला लागलो, पण हा विषय दर वेळी तिथेच येऊन अडायचा. मी म्हणायचे, ज्या घराला मुलगी शिकायलाच नको आहे त्या घराच्या हातात तू तिचे मार्क देतेस. तुझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. नाहीच, हे मला माहीत होतं, आणि मी तेच पुन्हा पुन्हा विचारायचे. शेवटच्या आठवड्यातही कँटीनमध्ये विचारलं. तू चहा संपवलास आणि म्हणालीस, "बैठकीत विचार. तिथे सगळ्यांसमोर तुला हरवते."

आणि बैठकीच्या आधी तूच गेलीस. हे मात्र तू चांगलं केलं नाहीस.

त्या दिवशी पुरुषमंडळी तुला घेऊन कब्रस्तानात गेली आणि आम्ही बायका घरात अम्मीजवळ बसलो. अम्मीने माझा हात धरला तो सोडलाच नाही. मला रडू येत नव्हतं. येणाऱ्या बाया मला नाव विचारायच्या आणि अम्मी सांगायची, "ही वैशाली. नसीम हिच्याशीच भांडायची ना रोज." ओळख म्हणून एवढंच सांगायची, आणि बायकांना ते पुरायचं. तिला हे माहीत होतं, म्हणजे तू घरी जाऊन सांगत होतीस. तेव्हा मात्र मला आवरलं नाही.

दोन-चार दिवसांनी परत गेले तर रूपाली तिथे आलेली. लग्न झालंय तिचं, त्याच ठरवून ठेवलेल्या मुलाशी, पण खालापुरातच एका कंपनीत नोकरीला जाते. जिन्यात चपला घालताना मी तिला म्हटलं, तुझ्यावर तेव्हा अन्याय झाला, मी मॅडमशी त्यावरून खूप भांडले. तिला वाटलं मी काहीतरी वेगळंच बोलतेय. "मार्काचं काय नाय ओ मॅडम," ती म्हणाली. "काका माझं कधीच काय ऐकायचा नाय. जेव म्हटलं की जेवायचं, उठ म्हटलं की उठायचं. त्या दिवशी तो अक्खं ऐकत बसला. शून्य दिलं, पन शेवटपर्यंत ऐकलं. नोकरीचं मी काकालाच नवऱ्याशी बोलायला लावलं." मग ती निघून गेली. कडेवरचं तिचं मूल रडत होतं. मी जिन्यात उभी राहिले. तुझं उत्तर माझ्या हातात आलं होतं आणि ते द्यायला तू नव्हतीस. तुला ते माहीत होतं का गं? ती तुला कधी भेटली होती? की तूही नुसत्या हट्टाने ते शून्य धरून बसली होतीस? हे मला आता कधीच कळणार नाही, आणि याचा मला फार राग येतो.

तर कालची बैठक. प्राचार्य, बाहेरचे दोन तज्ज्ञ, आपल्यातले पाच-सहा. बाकीच्या पेपरांवर थोडीफार चर्चा झाली, एका विषयाचे तास कमी करण्यावरून चांगलीच वादावादी झाली. मग तुझा पेपर आला आणि खोलीत एकदम मऊपणा पसरला. कुणी पान उलटलं नाही. प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "हा नसीम मॅडमचा. त्यांची आठवण म्हणून राहू द्या, काय?" सगळ्यांनी माना हलवल्या. एका तज्ज्ञाने तर पुढची फाईल उघडलीसुद्धा.

इतक्या वर्षांत मला तुझा इतका राग आला नव्हता जितका त्या मऊपणाचा आला. मला दिसलं पुढे काय होणार ते. एक वर्ष तुझ्या नावाने चालेल. दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणेल की मुलांच्या घरी जाणं जमत नाही, वर्गातच उरकू. तिसऱ्या वर्षी नवा आराखडा येईल, क्रेडिट कमी पडतील, आणि कुणी भांडलेलंच नसल्यामुळे कुणाला तो का ठेवायचा हे माहीत नसेल. म्हणून हात वर केला. म्हटलं, "मला आक्षेप आहे. हा पेपर वाचून मग काय ते ठरवा."

मग मी तुझ्याविरुद्धचं सगळं मांडलं. मामाचे दहा, कळंबचे दोन, चुलत्याचं शून्य. खोलीतला मऊपणा गेला. तज्ज्ञ सावरून बसले आणि म्हणाले, मग हे तर चालणारच नाही, वर्गातच घ्या, मार्क आपण द्या. प्रथमेशही त्यांच्या बाजूने बोलला, चांगलं बोलला. आणि तुझी खुर्ची रिकामी होती. तेव्हा तुझी बाजूही मलाच घ्यावी लागली. महेशची आई सांगितली. वर्गात मुलं आपल्याला आवडेल ते बोलतात, घरी तसं चालत नाही, हे सांगितलं. रूपाली जिन्यात जे म्हणाली ते सांगितलं, मध्येच थांबून पाणी प्यायले, आणि परत पहिल्यापासून सांगितलं. एकदा मीच म्हटलं आणि मीच खोडलं. लोकांना वाटलं असेल बाईचं डोकं ठिकाणावर नाही.

खूप वेळ चाललं. शेवटी ठरलं ते असं, की तोंडी घरीच होईल, प्रश्नही घरचेच विचारतील. घरातलं कोण ऐकणार ते विद्यार्थी ठरवेल. घरच्यांनी विचारलेल्यातलं त्याने काय टाळलं, काय झेललं, ते बघून मार्क आपण द्यायचे. तुला हे पटणार नाही. अर्धं तुझं आहे, अर्धं माझं आहे, आणि मार्क हातात नसलेला चुलता शेवटपर्यंत बसेल की नाही, हे मला खरंच माहीत नाही. पेपर शिकवायला प्रथमेश तयार झालाय. अजून रागावलेला आहे, पण विचारत होता की पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं.

आज सकाळी बैठकीचं इतिवृत्त सहीला आलं. तुझ्या पेपरपुढे लिहिलंय, 'एकमताने मंजूर'. बंदराचा तो पेपर सोडला तर, तू असताना आपल्या एकाही पेपरपुढे हे कधी लिहिलं गेलं नव्हतं. कागद टेबलावर तसाच पडलाय. सही माझ्याच्याने होत नाहीये.